आकाशवाणीचा पैसा कोणी ठरवायचा?

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला केंद्र सरकारकडून मिळणारं अनुदान अलीकडच्या वर्षांत अडीच ते तीन हजार कोटी रुपयांच्या दरम्यान राहिलं आहे. ऐकायला आकडा मोठा आहे. पण एकशे चाळीस कोटी लोकांत वाटला की माणशी वर्षाला वीस रुपयांच्या आसपास येतो. तालुक्याच्या बसस्टँडवर दोन कट चहा घेतले की संपतात एवढे. जर्मनीत प्रत्येक घर सार्वजनिक प्रसारणासाठी महिन्याला 18.36 युरो भरतं. ब्रिटनमध्ये 2025 साली टीव्हीचा परवाना वर्षाला 174.50 पौंडांचा होता. त्यांची कमाई वेगळी, महागाई वेगळी, हे मान्य. तरीही देशाने आपल्या सार्वजनिक प्रसारणाची किंमत किती लावली आहे, ते या वीस रुपयांत दिसतं.

पण पैसा कमी आहे एवढीच तक्रार घेऊन मी लिहायला बसलेलो नाही. तो किती द्यायचा हे कोण ठरवतं आणि तो कुठे जातो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रसार भारतीचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती दिल्लीच्या बातम्यांची: कोणत्या पक्षाला किती वेळ मिळाला, कोणाचं भाषण पूर्ण दाखवलं, कोणाचं कापलं. ती चर्चा व्हायलाच हवी. पण यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, गडचिरोलीच्या खेड्यात राहणाऱ्या माणसाचा या संस्थेशी जो रोजचा संबंध आहे, तो त्या चर्चेत कुठेच येत नाही. पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री लागते ती याच संबंधाला.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. प्रसार भारती कायदा 1990 साली झाला. अंमलात यायला सात वर्षं लागली; 23 नोव्हेंबर 1997 ला महामंडळ प्रत्यक्ष सुरू झालं. त्याच्याही आधी 1966 मध्ये चंदा समितीने रेडिओ आणि टीव्हीसाठी स्वतंत्र महामंडळं सुचवली होती. आणीबाणीनंतर बी. जी. वर्गीस यांच्या समितीने 1978 मध्ये ‘आकाश भारती’ नावाच्या राष्ट्रीय न्यासाची कल्पना मांडली. त्यानंतर आलेलं विधेयक लोकसभा बरखास्त झाल्यावर बुडालं. म्हणजे सरकारच्या हातातून माइक काढून घ्यावा, हे या देशाला तीस वर्षं पटत होतं आणि तीस वर्षं होत नव्हतं.

शेवटी झालेल्या कायद्याचं कलम 12 वाचण्यासारखं आहे. नागरिकाला सार्वजनिक हिताच्या सगळ्या गोष्टींची खरी, मोकळी आणि निःपक्ष माहिती मिळण्याचा हक्क जपणं, शिक्षण, शेती, ग्रामविकास आणि आरोग्याकडे विशेष लक्ष देणं, वेगवेगळ्या प्रदेशांच्या भाषा आणि संस्कृतीला पुरेशी जागा देणं, ही महामंडळाची कामं तिथे लिहून ठेवली आहेत. कास्तकाराने बसून लिहिलं असतं तरी यापेक्षा वेगळं लिहिलं नसतं. मग येतं कलम 17, पैशाचं. त्यात म्हटलं आहे की केंद्र सरकार संसदेच्या मंजुरीने महामंडळाला दोन प्रकारची रक्कम देऊ शकेल: एक, रेडिओ-टीव्हीच्या परवाना शुल्काचं उत्पन्न, ते असल्यास, आणि दुसरी, सरकारला आवश्यक वाटेल तेवढी इतर रक्कम. परवाना शुल्क तर ऐंशीच्या दशकातच रद्द झालं होतं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरणारी पिढी अजून गावात आहे, ते पुस्तक कोणाच्या तरी पेटीत सापडतंही. पण कायदा झाला तेव्हा तो झरा आटलेला होता. राहिलं काय, तर ‘सरकारला आवश्यक वाटेल तेवढी रक्कम’. कलम 12 ने दिलेली सगळी कामं कलम 17 च्या या अर्ध्या ओळीवर उभी आहेत.

आवश्यक काय वाटतं, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत दिसून आलं. अनुदानाचा मोठा भाग पगारात जातो. 5 ऑक्टोबर 2007 पर्यंत सेवेत असलेले कर्मचारी निवृत्तीपर्यंत सरकारकडून प्रतिनियुक्तीवर आहेत, असं नंतरच्या दुरुस्तीने ठरवलं. त्यामुळे त्यांची नोकरी सुरक्षित झाली, ते योग्यच झालं. पण ते निवृत्त होत गेले तशा जागा रिकाम्या होत गेल्या आणि नियमित भरती फारच थोडी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणचं केंद्र मग नैमित्तिक निवेदकांवर चालतं. त्यांना महिन्यातल्या काही पाळ्या मिळतात आणि पाळीमागे मानधन. माणूस कितीही गुणी असला तरी महिन्याच्या चार-सहा पाळ्यांवर संसार होत नाही, म्हणून तो दुसरीकडे शिकवतो, दुकान सांभाळतो आणि उरलेल्या वेळात माइकसमोर बसतो. रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन गावात जाणारा, बाजार समितीत उभा राहून भाव विचारणारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आले की नाही ते पाहणारा माणूस या रचनेत उभाच राहू शकत नाही. तास भरायचे असतात, मग मुंबईचं किंवा दिल्लीचं सहक्षेपण लागतं, म्हणजे तिथलाच कार्यक्रम जसाच्या तसा.

याने बिघडतं काय, असं कोणी विचारेल. त्याला मी 2017 च्या खरिपाची आठवण देईन.

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी त्या साली डोक्याच्या वर गेली होती. एरवी कमरेच्या खाली मारायचा फवारा तोंडासमोर आणि डोक्यावर मारावा लागत होता, आणि मारला की तो अंगावरच उतरत होता. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून पंपात टाकली जात होती. हातमोजे नाहीत, मास्क नाही, चष्मा नाही. घामाने भिजलेल्या सदऱ्यातून औषध अंगात मुरत होतं. चौकश्या झाल्या, अहवाल आले, काही औषधांवर बंदी आली. मला त्यातली एकच गोष्ट इथे मांडायची आहे. कोणतं औषध कशात मिसळायचं आणि किती टाकायचं, हे आमच्याकडे बहुतेक कास्तकाराला कृषी केंद्रवाला सांगतो. तोच औषध विकतो, पुष्कळदा तोच उधारीवर देतो, आणि सल्लाही तोच देतो. बाटलीसोबत घडी घातलेला एक कागद येतो. त्यावर पाच-सहा भाषांत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात सूचना असतात. तो कागद दुकानात, फार तर मालकाच्या घरी पोचतो. मजुराच्या हातात बाटली येतच नाही. धुऱ्यावर त्याच्यासमोर येते ती आधीच कालवलेली बादली. त्या बादलीत काय आहे हे त्याला दिसत नाही आणि सांगायलाही कोणी नसतं.

आता अंतर पाहा. कापसावरची केंद्र सरकारची संशोधन संस्था नागपुरात आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून अकोल्यात आहे. आकाशवाणीची केंद्रं नागपूर, अकोला, यवतमाळ आणि चंद्रपूर या चारही गावांत आहेत. नागपूरचं तर 1948 पासून. ज्ञान दीडशे किलोमीटरच्या आत होतं, ते पसरवायची यंत्रणाही जिल्ह्याच्या ठिकाणी होती. आणि ज्याला ते कळायला हवं होतं तो माणूस वाचू शकत नसला तरी ऐकू शकत होता. शेतीच्या कार्यक्रमात आठवड्यातून एकदा तज्ज्ञाची मुलाखत लावून हे काम होत नाही. फवारणीच्या दिवसांत रोज, दिवसातून चार वेळा, वऱ्हाडीत, ओळखीच्या आवाजात सांगावं लागतं: कपाशी डोक्यावर गेली असेल तर फवारू नका, ही दोन औषधं एकत्र करू नका, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करू नका, गरगरलं की पंप खाली ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा, औषधाची बाटली सोबत न्या. त्यासाठी केंद्रात अशी माणसं लागतात की ज्यांना गावात काय चाललं आहे ते त्याच दिवशी कळतं. एका गावातून दोन माणसं भरती झाली, शेजारच्या गावातून एक, हे एका ठिकाणी जुळवून बोलणारा आवाज लागतो. औषध विकण्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा आवाज. बाजार तो देणार नाही, कारण असं बोलण्यात कोणाचाच नफा नाही.

हे स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्रातच झालेलं आहे. 1956 मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साथीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बसून बोलायचं, ठरलेलं करून पाहायचं आणि शंका केंद्राला कळवायच्या, म्हणजे पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळायचं. प्रयोगाचा अभ्यास झाला, तो यशस्वी ठरला, पुढे देशभर नेला गेला. सत्तर वर्षांपूर्वी, एका गावात एक रेडिओ असताना हे जमलं. आज यंत्रं स्वस्त झाली आहेत, तंत्र सोपं झालं आहे. कमी पडते ती केंद्रात काम करणारी माणसं आणि त्यांना गावापर्यंत जाऊ देणारा पैसा.

यावर सगळ्यात सहज येणारा आक्षेप मोबाइलचा. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, व्हिडिओ आहेत, हवामानाची अॅप आहेत, रेडिओ कोण ऐकतो? माझं उत्तर असं की फोनवर माहिती येते, पण ती कोणाची आहे आणि ती कशासाठी पाठवली आहे, हे कळायला मार्ग नसतो. सोयाबीनवर ‘हमखास’ टॉनिक सांगणारा व्हिडिओ आणि विद्यापीठाचा सल्ला एकाच पडद्यावर एकासारखेच दिसतात. पहिला जास्त दिसतो, कारण त्यामागे पैसा आहे. शिवाय फोनला रेंज लागते, चार्जिंग लागतं, दर महिन्याला रिचार्ज लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर आली की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षी घडतं. अशा वेळी वीज आणि टॉवर दोन्ही जातात. दोन सेलवर चालणारा रेडिओ तेव्हाही चालतो. केंद्र सरकारनेच एप्रिल 2023 मध्ये मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना फोनमधला एफएम रेडिओ बंद करू नका असा सल्ला दिला, आणि कारणांत आपत्तीच्या काळाचा उल्लेख केला. म्हणजे गरज सरकारला मान्य आहे.

रात्रीच्या जागलीचंही सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला ते कदाचित माहीत नसेल. तूर शेंगेवर आली की रानडुकरं आणि रोही रात्रीत वावर साफ करतात. माणूस राखणीसाठी वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, झोपायला जातो तेव्हा सोबत बॅटरी, काठी आणि रेडिओ नेतो. आवाज चालू राहिला की जनावर बिचकतं, आणि एकट्या माणसालाही सोबत होते. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी 1988 मध्ये सुरू झाली, तिचा रात्रीचा कार्यक्रम नागपूरच्या एक हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून देशभर जायचा. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) असल्याने तो डोंगरापलीकडे, जंगलापलीकडेही पोचायचा. 2018 च्या अखेरीला ती वाहिनी बंद करण्याचा आदेश निघाला आणि खर्चकपात हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. माळ्यावरच्या त्या माणसाला कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? श्रोत्याचं ऐकायची जागाच या रचनेत नाही.

मध्यम लहरींकडून एफएमकडे जाण्याचा निर्णयही असाच झाला. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण पल्ला थोडा, आणि डोंगर आडवा आला की तोही तुटतो. 2023 च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रणा वाढवण्याच्या ‘बिंद’ या योजनेसाठी 2,539.61 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून एफएमची व्याप्ती भूभागाच्या 59 टक्क्यांवरून 66 टक्के आणि लोकसंख्येच्या 68 टक्क्यांवरून 80 टक्के करायचं ठरलं. चांगली गोष्ट आहे, तिचं स्वागत करायला हवं. पण उद्दिष्ट शंभर टक्के गाठलं तरी देशाची एक तृतीयांश जमीन आणि पाचातला एक माणूस एफएमच्या बाहेर राहतो. तो पाचवा माणूस मेळघाटात आणि दक्षिण गडचिरोलीसारख्या मुलखातच असायचा, कारण डोंगर आणि जंगल तिथेच आहे. त्याची भाषाही बहुधा कोरकू, माडिया किंवा गोंडी असणार. आधी ट्रान्समीटर पोचत नाही, पोचला तर त्याच्या भाषेत बोलणारं कोणी नाही. इमारत आणि ट्रान्समीटरसाठी योजना निघते, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. कोरकू बोलणाऱ्या निवेदकाच्या दहा वर्षांच्या पगाराची योजना निघत नाही.

मग जाहिराती घेऊन स्वतःच्या पायावर उभं राहा, असं प्रसार भारतीला नेहमी सांगितलं जातं. अनेक शहाणी माणसंही सांगतात. जाहिरात तिथेच येते जिथे खरेदी करणारा असतो. दोनशे-तीनशे रुपये रोजाने निंदायला जाणारी बाई कोणत्या जाहिरातदाराला हवी आहे? तिच्यासाठी कार्यक्रम करायचा तर तो तोट्यातच करावा लागेल, आणि सार्वजनिक प्रसारण नावाची गोष्ट त्या तोट्यासाठीच असते. जाहिरातीवर जगायला लावलं की केंद्र हळूहळू शहराकडे, गाण्यांकडे आणि सरकारी खात्यांच्या जाहिरातींकडे सरकतं. सरकारी खात्यांच्या जाहिराती म्हणजे पुन्हा सरकारचाच पैसा, फक्त वेगळ्या दाराने आलेला.

डीडी फ्री डिश या प्रसार भारतीच्या मोफत उपग्रह टीव्ही सेवेचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सेवा खेड्यापाड्यांतल्या कोट्यवधी घरांत आहे. एकदा छत्री (डिश) आणि डबा (सेट-टॉप बॉक्स) घेतला की महिन्याचा खर्च नाही. आमच्याकडे कौलावर, टिनावर त्या छत्र्या सगळीकडे दिसतील. खासगी वाहिन्या या सेवेवर जागा मिळावी म्हणून लिलावात बोली लावतात आणि प्रसार भारतीला त्यातून दरवर्षी शेकडो कोटी मिळतात. हा पैसा या गरीब घरांमुळे येतो. ती घरं नसती तर बोली लागली नसती. पण त्यातला किती हिस्सा त्या घरांच्या भाषेत, त्यांच्या जिल्ह्याच्या बातमीसाठी परत खर्च व्हावा, याचा कोणताही नियम नाही. सर्वाधिक बोली लावणारी वाहिनी दिसणार, एवढाच हिशेब. एक ठरावीक वाटा प्रादेशिक निर्मितीसाठी बांधून टाकावा, हा बदल उद्या करता येण्यासारखा आहे. त्याला कायदाही लागू नये.

आता सगळ्यात कठीण आक्षेपाकडे येतो. सरकारची री ओढणाऱ्या संस्थेला आणखी पैसा कशाला? हा आक्षेप खोटा नाही. कोणताही पक्ष सत्तेत असो, बातमीपत्राची सुरुवात मंत्र्यांपासून झालेली आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. कलम 23 खाली केंद्र सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं. नियामक मंडळाची निवड करणाऱ्या समितीत राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती आहे. ही रचना कागदावर वाईट नाही. पण संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या 22 सदस्यांची जी समिती कायद्याच्या कलम 13 ने महामंडळावर देखरेखीसाठी सांगितली, ती कागदावरच राहिली. मग महामंडळ उत्तर कोणाला देतं? मंत्रालयाला. आणि पैसा कोणाकडून घेतं? त्याच मंत्रालयाकडून. ज्याच्या हातात थैली आहे त्याच्याविरुद्ध बातमी देण्याची अपेक्षा कोणत्या संपादकाकडून करायची? पैसा बंद करून ही लाचारी जात नाही, उलट वाढते. पैशाची वाट बदलली तरच ती जाईल. म्हणून स्वायत्तता आणि निधी हे दोन प्रश्न मी वेगळे मानत नाही.

यात रेडिओबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. आपल्या देशात खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सामुदायिक रेडिओलाही नाही. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. म्हणजे रेडिओवरची बातमी हा सरकारी नियमांनी राखून ठेवलेला एकाधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितलं की प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाने नियंत्रित करावा. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या त्या निकालात सरकारी मक्तेदारीलाही मान्यता नव्हती. तीस वर्षं झाली. चंद्रपूरच्या शेतमजुराला रेडिओवर ऐकायला मिळणारी प्रत्येक बातमी अजूनही एकाच संस्थेची असते, आणि तिचं वार्षिक बजेट मंत्रालय ठरवतं. दुसऱ्या कोणाला बोलू द्यायचं नसेल, तर जो बोलतो त्याला तरी मोकळं करा.

पैशाची वाट कशी बदलायची, याची उदाहरणं आहेत. जर्मनीत रक्कम ठरवण्यासाठी एक स्वतंत्र आयोग आहे. 2020 च्या अखेरीला एका राज्याने वाढ अडवली तेव्हा तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 2021 मध्ये प्रसारणाच्या स्वातंत्र्याचा भंग झाला असं सांगून ती वाढ लागू केली. पुरेसा पैसा मिळणं हाच स्वातंत्र्याचा भाग आहे, असं तिथल्या न्यायालयाने मानलं. उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेचं. 1967 च्या कायद्याने तिथे सार्वजनिक प्रसारण महामंडळ उभं राहिलं. जुलै 2025 मध्ये तिथल्या संसदेने आधी मंजूर केलेले सुमारे 110 कोटी डॉलर परत घेतले आणि पुढच्याच महिन्यात त्या महामंडळाने कामकाज आवरतं घेण्याची घोषणा केली. न्यूयॉर्क, बोस्टनच्या मोठ्या केंद्रांना देणगीदार आहेत, ती तरतील. अलास्कासारख्या भागातली लहान ग्रामीण केंद्रं त्या पैशावरच उभी होती. देश कोणताही असो, निधी सत्तेच्या लहरीवर ठेवला की पहिलं खेडं बुडतं.

परवाना शुल्क परत आणा असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे त्याचा बोजा नेमका त्याच घरांवर पडेल ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं आहे. वसुलीचा खर्च आणि जाच वेगळा. पण दुसरा एक पैसा आधीच गोळा होतो आहे. टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के खेड्यांपर्यंत सेवा नेण्यासाठी म्हणून घेतले जातात. 2002 पासूनचा हा निधी आता 2023 च्या दूरसंचार कायद्याने ‘डिजिटल भारत निधी’ झाला. त्यातली मोठी रक्कम वर्षानुवर्षं न वापरता राहिली, यावर सरकारी लेखापरीक्षणातही बोट ठेवलं गेलं आहे. खेड्यातल्या माणसापर्यंत तार किंवा टॉवर नेणं हे जर त्या निधीचं काम असेल, तर त्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत उपयोगाची माहिती नेणं हेही त्याच कामाचं पुढचं पाऊल आहे. त्यातला एक लहान हिस्सा कायद्याने ग्रामीण प्रसारणासाठी बांधावा. आणि प्रसार भारतीची एकूण रक्कम दर पाच वर्षांनी एका स्वतंत्र आयोगाने ठरवावी. राज्यांना किती वाटा मिळावा हे घटनेच्या कलम 280 खालचा वित्त आयोग ठरवतो, तशीच ही व्यवस्था. एकदा ठरलं की मधल्या काळात मंत्रालयाने त्यात हात घालायचा नाही. कलम 17 मधले ‘सरकारला आवश्यक वाटेल तेवढी’ हे शब्द काढून तिथे ‘आयोग ठरवील तेवढी’ असं लिहिलं की सुरुवात झाली.

तेवढ्याने मात्र खेड्याचं भागणार नाही, हेही स्पष्ट म्हणतो. आयोगाने दिलेला पैसा दिल्लीतच नव्या वाहिन्या, नवे स्टुडिओ आणि नवी अॅप काढण्यात जिरू शकतो. म्हणून एक ठरलेला भाग स्थानिक केंद्रांच्या नावाने आणि माणसांच्या पगारासाठी राखलेला हवा. प्रत्येक केंद्राने दिवसातले किती तास स्वतः निर्मिलेले आणि किती सहक्षेपणाचे होते, किती भाषांत होते, हे दर तिमाहीला जाहीर करावं. आणि प्रत्येक केंद्राला एक श्रोता समिती असावी, जिच्यात नेमणुकीने आलेले मान्यवर नकोत. कास्तकार, मजूर बाया, आशा सेविका, शाळेतला एखादा मास्तर, पाड्यावरचं कोणी तरी, अशी माणसं असावीत, आणि केंद्राचं वेळापत्रक बदलण्याआधी त्यांना विचारणं बंधनकारक असावं. पुण्याच्या 1956 च्या मंडळांकडून शिकण्यासारखं हेच होतं.

बिंद योजनेची मुदत 2025-26 पर्यंतची होती. पुढे काय, हा प्रश्न उरतोच. विदर्भातून लोकसभेत दहा खासदार जातात, वेगवेगळ्या पक्षांचे. त्यांनी पक्ष बाजूला ठेवून तीन प्रश्न लेखी विचारावेत: नागपूर, अकोला, यवतमाळ आणि चंद्रपूर केंद्रांत मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, या केंद्रांवरून रोज स्वतःचे कार्यक्रम किती तास जातात, आणि कलम 13 ची समिती कधी नेमणार. उत्तरं आली की ती गावोगावी वाचून दाखवायची जबाबदारी आमची.